बदनामीची कागदपत्रे

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की, तो उच्चारताना आपण एका बाईवर खुनाचा आरोप ठेवत आहोत, याची जाणीवही बोलणाऱ्याला राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना ठार मारले. पुतण्याला धरावे एवढाच रघुनाथरावांचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यातले एक अक्षर फिरवून ‘मारावे’ केले, ही कथा शाळकरी पोरांनाही पाठ असते. मात्र ज्या पत्रात हे अक्षर फिरले, ते पत्र पुरावा म्हणून कोणाला दाखवता आलेले नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले तेही त्यांनाच. न्यायाधीशाने नवऱ्याला दोषी धरले आणि भाषेने बायकोला.

आनंदीबाई निष्पाप होत्या, असे सांगायला मी उभा नाही. त्या राजकारण जाणणाऱ्या आणि नवऱ्याला गादी मिळावी म्हणून झटणाऱ्या होत्या. पण या कथेची सोय कोणाला झाली, ते पाहा. ‘धरावे’ रघुनाथरावांचे आणि ‘मारावे’ आनंदीबाईंचे अशी वाटणी एकदा झाली की लोभ तेवढा नवऱ्याच्या नावावर उरतो, खून बायकोच्या खात्यावर जातो, आणि पेशव्यांच्या घरात सख्ख्या काकाने पुतण्याचा जीव घेतला हे कटू वाक्य कोणालाच उच्चारावे लागत नाही. इतिहासातल्या बदनाम स्त्रियांकडे पाहताना मी म्हणूनच आधी दोन गोष्टी विचारतो: आरोपाचा कागद कुठे आहे, आणि तिच्या बदनामीने कोणाचे नाव धुऊन निघाले?

मारी आंत्वानेतच्या बाबतीत कागद हाती आहे, आणि तो बनावट आहे. नारायणरावांच्याच जन्मसाली, १७५५ मध्ये, जन्मलेली ही ऑस्ट्रियन राजकन्या १७७० मध्ये सून म्हणून फ्रान्सला आली. ‘भाकरी नाही तर केक खा’ हे तिच्या माथी मारलेले वाक्य रूसोने एका अनाम राजकन्येच्या तोंडी लिहून ठेवले, तेव्हा ती अजून व्हिएन्नात वाढणारी मुलगी होती; त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. तिला खरी भोवली ती हिऱ्यांच्या हाराची भानगड. सोळा लाख लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) किमतीचा एक हार पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे वर्षानुवर्षे पडून होता आणि राणीने तो घेण्यास नकार दिला होता. झान द ला मोत नावाच्या एका धूर्त बाईने कार्डिनल रोआं यांची समजूत करून दिली की, राणीला हार गुपचूप हवा आहे. ऑगस्ट १७८४ मध्ये एका रात्री व्हर्सायच्या बागेत राणीसारखी दिसणारी एक मुलगी अंधारात उभी करून तिने कार्डिनलची भेटही घडवली. पुढे खरेदीच्या अटींचा कागद आला. प्रत्येक कलमापुढे ‘मंजूर’ असा शेरा आणि शेवटी सही: ‘मारी आंत्वानेत द फ्रांस’.

या सहीपाशी थोडे थांबू. फ्रान्सच्या राण्या सही करताना फक्त बाप्तिस्म्याचे नाव लिहीत. ‘द फ्रांस’ असे पुढे कधीच लावत नसत. रोआं हे उच्च कुळातले, राजदरबाराचे मुख्य धर्माधिकारी, शिवाय एकेकाळचे व्हिएन्नातले राजदूत. १५ ऑगस्ट १७८५ रोजी राजाने त्यांना बोलावून हाच प्रश्न केला की, राणी अशी सही करील हे तुम्हाला वाटले तरी कसे? त्याच दिवशी, मोठ्या सणाच्या पूजेसाठी अंगात घातलेल्या धर्मवस्त्रांसह, कार्डिनलना अटक झाली. राणीचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही ३१ मे १७८६ रोजी पॅरिसच्या उच्च न्यायालयाने कार्डिनलना निर्दोष सोडले, तेव्हा लोकांनी जल्लोष केला आणि राणीचे नाव कायमचे बुडाले. या निकालात एक न लिहिलेले वाक्य दडले होते: राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटेल आणि चोरून हिरे घेईल, असा समज करून घेणे हा काही राणीचा अपमान नव्हे. बनावट सही करणाऱ्या टोळीचा गुन्हा सिद्ध झाला, झानच्या अंगावर चोर म्हणून डाग दिला गेला, आणि बदनामी मात्र जिच्या नावाची सही होती तिला चिकटली.

लुक्रेत्सिया बोर्जाच्या कथेत विष आहे. पोप सहाव्या अलेक्झांडरच्या या मुलीची तिन्ही लग्ने बापाच्या राजकारणासाठी झाली. पहिला नवरा नकोसा झाल्यावर, तो नपुंसक असल्याचे जाहीर करून १४९७ मध्ये विवाह रद्द केला गेला आणि त्या अपमानित नवऱ्याने बापलेकीच्या संबंधांविषयी कुजबुज पसरवली. दुसऱ्याचा १५०० मध्ये खून झाला. संशय तिच्या भावावर, सेझारेवर होता. विषप्रयोगाचा मात्र एकही समकालीन पुरावा तिच्याविरुद्ध नाही. तिसऱ्या नवऱ्याच्या फेरारा या इटालियन संस्थानात तिने राज्यकारभार पाहिला, कवींना आश्रय दिला आणि १५१९ मध्ये बाळंतपणानंतर ती वारली. १८३३ मध्ये व्हिक्टर ह्यूगोचे नाटक आणि त्यावरचा ऑपेरा रंगमंचावर आले, आणि विषाचा पेला तिच्या हातात कायमचा बसला. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात तिने कवी बेंबोला लिहिलेली पत्रे आणि तिच्या सोनेरी केसांची एक बट जपून ठेवली आहे. १८१६ मध्ये बायरनने ती पत्रे वाचली आणि जाताना बटेतला एक केसही उचलून नेला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: सगळ्याच बदनाम बायका भोळ्या होत्या काय? नव्हत्या. हंगेरीच्या एलिझाबेथ बाथोरीला डिसेंबर १६१० मध्ये कैद केले गेले आणि तिच्याविरुद्ध तीनशेहून अधिक जणांच्या जबान्या घेतल्या गेल्या. तिच्यावर रीतसर खटला चाललाच नाही. १६११ मध्ये देहदंड झाला तो नोकरांना, आणि ती स्वतः १६१४ मध्ये किल्ल्यात कोंडलेल्या अवस्थेत मेली. राजा तिच्या नवऱ्याच्या घराण्याचे देणे लागत होता, ही गोष्टही विसरता येत नाही. तरीसुद्धा इतक्या जबान्या केवळ कारस्थान म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. पण जगाला ती ठाऊक आहे ती कुमारिकांच्या रक्तात स्नान करणारी म्हणून, आणि ते स्नान त्या जबान्यांत नाही. ते पहिल्यांदा छापले गेले १७२९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. जबान्यांत आहेत त्या उपाशी ठेवलेल्या, डागण्या दिलेल्या, कडाक्याच्या थंडीत गार पाणी ओतून उभ्या केलेल्या कामकरी मुली. तारुण्याच्या हव्यासाची गोष्ट एकदा रंगली, तशी त्या मुलींकडे कोणी वळून पाहिले नाही.