अष्टग्रही आणि आजीची तुपाची बरणी

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय 'भाकीत फसल्यावर माणसं काय करतात', पण त्याआधी मला १९६२ मध्ये जायचंय, कारण समोर पिकलेली डोकी बरीच दिसतायत आणि अष्टग्रही म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्यांना तरी काहीतरी आठवणारच. ३ ते ५ फेब्रुवारी, शनिवार ते सोमवार, मधे पौष अमावस्या. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठही जण मकर राशीत. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ, जप, नामसप्ताह.

आमचं घर तेव्हा वाईला, वडील नऊ वर्षांचे, काका बारा. आजीने शनिवारी सकाळी फडताळातली तुपाची बरणी काढली. आता ही बरणी म्हणजे आत्याच्या बाळंतपणासाठी राखलेलं साजूक तूप, पोरांनी नुसतं बोट लावलं तरी फटका बसायचा, आणि त्या दिवशी तिने डिंकाचे लाडू केले, बेसनाचे केले, वर पानात वाटी वाटी ओतलं. आजोबा म्हणाले, अगं चाललंय काय? तर म्हणे, "पाण्यात जायचं ते पोरांच्या पोटात जाऊ दे." काका अजून सांगतात, असं जेवण परत झालं नाही.

आजोबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी परात घेतली, मधे लाडू म्हणजे सूर्य, एका कडेला शेंगदाणा म्हणजे पृथ्वी, आणि बाकीचे ग्रह म्हणून बोरं. म्हणाले, शेंगदाण्यावरून बघ, सगळी बोरं एकाच बाजूला दिसतात, पण ती जवळ आलेली नाहीत, चंद्र चार लाख किलोमीटरच्या आसपास आणि शनी दीडशे कोटींच्याही पलीकडे. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळलं. पण ते शनीचं बोर किडकं आहे, पोरांना देऊ नका." (हशा)

रविवारी रात्री मात्र आजोबा तिच्याशेजारी पडवीत कंदील लावून पहाटेपर्यंत बसले. वाद घातला नाही, एकटं सोडलं नाही. मला याचं फार मोल वाटतं. सोमवारी रोजच्यासारखा दूधवाला आला आणि आजीचं पहिलं वाक्य, "आता तूप कुठून आणू?"

आजोबांचा राग वेगळ्यावरच होता. यज्ञाची वर्गणी म्हणून पाच रुपये घेऊन गेलेली मंडळी मंगळवारी येऊन सांगायला लागली, बघा, यज्ञामुळे टळलं! आता याला पुरावा काय मागणार?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. तर मूळ मुद्दा पटकन. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरून हिशोब मांडला, त्यावरून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, येशू परत येणार. अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे येशूच्या परत येण्याची वाट बघणाऱ्या ख्रिस्ती मंडळींत अजून सांगतात की न्यू हॅम्पशायरच्या एका शेतकऱ्याने शेतातले बटाटे काढलेच नाहीत. कोणी आलं नाही, रात्रभर रडारड. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक, हायरम एडसन, मक्याच्या शेतातून जात होता, त्याला सुचलं की तारीख बरोबरच होती, फक्त घटना स्वर्गातल्या मंदिरात घडली. त्या लोकांतूनच १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं, आपलं पुण्यातलं स्पायसर कॉलेज त्यांचंच. म्हणजे 'यज्ञामुळे टळलं' आणि हे, सख्खे भाऊ. श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, माझं म्हणणं एवढंच की भाकीत फसलं की त्याचा खुलासा लिहून राहतो आणि घरात काय झालं ते कोणी लिहीत नाही. ते लिहा हो. २१ डिसेंबर २०१२ च्या आदल्या रात्री माझी भाची रडत होती, माया लोकांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे उद्या जग बुडणार म्हणून घाबरली होती, वडिलांनी तिला किडक्या बोराची गोष्ट सांगितली आणि ती हसत हसत झोपली.

हो, मागून विचारतायत, आत्याचं काय झालं? मे महिन्यात मुलगी झाली. आळीतल्या तीन घरांतून वाटी वाटी तूप आलं. बाकीच्या घरांतल्या बरण्या आमच्यासारख्याच रिकाम्या होत्या.