सॉफ्टवेअर उघडण्याआधी कॅम मोजा

(कोल्हापुरात, फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसगाड्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गाडीसाठी केटीएमच्या ड्यूक ३९० या मोटरसायकलचं जुन्या पिढीचं, २०२३ पर्यंतचं इंजिन धरलंय, हे मघाशी चहाला उभं असताना कळलं. निवड चांगली आहे. एक सिलिंडर, ३७३ सीसी, ८९ मिलिमीटर बोअर, ६० मिलिमीटर स्ट्रोक. चाकणला बनतं, त्यामुळं सुटे भाग मिळायची पंचाईत नाही. पण तुम्ही त्याचा एअरबॉक्स काढणार, सायलेन्सर बदलणार आणि नियमाप्रमाणं हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद भोक, घालणार. एवढं केल्यावर ते कंपनीचं इंजिन राहत नाही. टॉर्क कुठल्या आरपीएमला किती मिळेल, हे ब्रोशर सांगणार नाही. संगणकावर इंजिनाचं मॉडेल चालवून बघायचं, म्हणजे सिम्युलेशन करायचं, ते यासाठी.

आधी कागदावर हिशेब करू, कॅल्क्युलेटर पुरे. नळीत सगळ्यात अरुंद जागी हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला, की पुढून कितीही ओढा, हवा वाढत नाही. त्याला चोक होणं म्हणतात. समुद्रसपाटीला २० मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला फार तर ७४ ग्रॅमच्या आसपास हवा जाते. ६०० सीसीचं चार सिलिंडरी इंजिन ढोबळमानानं साडेबारा हजार आरपीएमला या मर्यादेला येऊन टेकतं. तुमचं ३७३ सीसी ९००० आरपीएमला किती मागतं? ३३ ग्रॅम. निम्म्याहून कमी.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, सर, मग आपल्याला रिस्ट्रिक्टरचा त्रासच नाही. आहे. ते ३३ ग्रॅम सरासरी आहेत. क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या ७२० अंशांतले जेमतेम २५० अंश इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, उघडा असतो, आणि खरी ओढ पिस्टन खाली येतानाची. ऐन ओढीला मागणी सरासरीच्या चौपट होते, कधी त्याहूनही वर जाते. ३३ गुणिले ४ म्हणजे १३२, आणि भोक देणार ७४. म्हणून रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये प्लेनम, म्हणजे हवेची टाकी, हवी. नळाला करंगळीएवढी धार असली तरी रात्रभर टाकी भरली की सकाळच्या आंघोळी निघतात, तसंच हे. फक्त टाकी फार मोठी केली, तर ड्रायव्हरनं पाय दाबल्यावर इंजिन जागं व्हायला उशीर लागतो. किती लिटरचा प्लेनम, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. इथून पुढं जीटी-पॉवर, रिकार्डो वेव्ह किंवा एव्हीएल बूस्ट, जे सॉफ्टवेअर मिळेल ते घ्या. सगळ्यांचं तत्त्व एक: नळीचे लांबीत बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वस्तुमान, संवेग, ऊर्जा यांचा जमाखर्च मांडत जायचा.

जाता जाता उंचीचं सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी, ताकदही साधारण तेवढीच कमी. पण चोक होण्याचा आरपीएम जवळपास तोच राहतो, कारण मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच प्रमाणात घटतात. स्पर्धा कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर असेल, तर मॉडेलमध्ये तिथला दाब आणि तिथलं तापमान घाला.

आता ज्याच्यासाठी मी आलोय, ते. सॉफ्टवेअर तुम्हाला व्हॉल्व्ह लिफ्टचा तक्ता मागतं, म्हणजे क्रँकच्या कुठल्या अंशाला कॅम व्हॉल्व्हला किती उचलतो ते. बहुतेक टीम इंटरनेटवरून कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचा तक्ता उचलतात आणि पुढं आठवडाभर रंगीत आलेख काढत बसतात. अरे बाबांनो, तुम्ही उद्यमनगराच्या गावात राहता! डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, इथं दर चौथ्या शेडमध्ये मिळेल. क्रँकला अंशांची चकती लावा. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारा दांडा, घालून दोन्ही बाजूंनी क्रँक टेकवा, दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टन अगदी वर असतो ती जागा. डायल गेजचा प्लंजर व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर धरा. दहा अंश तिरका राहिला तर दीड टक्का चूक तिथंच आली. मग क्रँक एकाच दिशेनं फिरवत दर पाच अंशांना वाचन घ्या, उघडताना आणि मिटताना दर दोन अंशांना. उलटं फिरवलंत तर चेनचा ढिलेपणा वाचनात शिरतो. टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, वेगळा नोंदवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

हे एवढं नेमकं का, तर रनरची, म्हणजे प्लेनमपासून इंजिनापर्यंतच्या नळीची, लांबी व्हॉल्व्हच्या या मिटण्याच्या वेळेवर ठरते. पिस्टनच्या ओढीनं निघालेली लाट प्लेनमच्या तोंडापर्यंत जाते आणि दाबाची लाट होऊन परतते. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ३०० मिलिमीटर धरा. जाऊन-येऊन ६०० मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. ७५०० आरपीएमला तेवढ्यात क्रँक ७८ अंश फिरतो, ५००० ला ५२. व्हॉल्व्ह मिटायच्या तोंडावर लाट पोचली तर जास्तीची हवा आत कोंबली जाते. मिटण्याची वेळच चुकीची भरली असेल, तर सॉफ्टवेअर तुम्हाला भलतीच लांबी सुचवेल, आणि तीही अगदी आत्मविश्वासानं.

ज्वलनासाठी वीब फंक्शन वापराल, म्हणजे इंधन क्रँकच्या कुठल्या अंशाला किती जळालं हे सांगणारं सूत्र. त्यात एक मोह आहे. डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा जुळत नाही म्हटल्यावर पोरं वीबचे आकडे पिळत बसतात, शेवटी कमाल ताकद जुळते आणि टाळ्या पडतात. तसलं मॉडेल माझ्या मते टाकून द्यावं. आधी हवा जुळवा, मग ज्वलन, घर्षण सगळ्यात शेवटी. हवा जुळवायला महागडी साधनं लागत नाहीत. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, एमएपी सेन्सर असतोच, हवेच्या वाटेतला दाब मोजणारा. तो प्लेनमवर बसवा, क्रँकच्या अंशांनुसार दाब नोंदवा आणि मॉडेलमधल्या दाबाच्या आलेखावर ठेवून बघा. चढउतार त्याच अंशांना येत असतील तर पुढं सरका. डिझाइन इव्हेंटला १५० गुण असतात, आणि जज हाच कागद मागतात.

आणि सगळे आकडे तंतोतंत जुळावेत असा हट्ट धरू नका. अॅल्युमिनियमच्या नळीचे तीन रनर करून घ्या: आखूड, मधला, लांब. तिन्ही मॉडेलमध्ये चालवा, तिन्ही डायनोवर चालवा. मॉडेलचा टॉर्क पाच टक्के वर दाखवत असेल तर दाखवू दे. ६००० ला कोणता रनर पुढं आणि ८५०० ला कोणता, हा क्रम दोन्हीकडं सारखा आला, तर चौथा रनर कापायच्या आधी त्या मॉडेलला विचारायला हरकत नाही. क्रम उलटा आला, तर डायल गेज घेऊन परत सिलिंडर हेडकडं, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हकडं, जा.