कार्बनच्या पट्टीखाली काय आहे?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडं गाडीच्या पॅनेलवर चिकटवायला कार्बन फायबरची पट्टी घेऊन येणारा प्रत्येक पोरगा पहिल्यांदा एकच विचारतो, "काका, सगळ्यात स्ट्राँग गोंद कुठला?" मी विचारतो, "खाली काय आहे?" तिथं तो गप्प होतो. पॅनेल उलटं करून बघा. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्लॅस्टिकचं नाव बहुतेक वेळा ठोकलेलं असतं. एबीएस, म्हणजे गोंद सहज धरणारं कडक प्लॅस्टिक असेल तर निम्मं काम झालं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्यावर बहुतेक गोंद धरतच नाहीत. तेलकट तव्यावर पाण्याचे थेंब होतात, तसा गोंद गोळा होतो. तिथं आधी त्या प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर, म्हणजे गोंद धरावा म्हणून मारायचा पातळ थर लावायचा, नाहीतर सरळ स्क्रू.

आता ताकदीचं सांगतो. कार्बनचा तुकडा ऊन लागलं तरी जवळजवळ वाढत नाही. एबीएस मात्र दर अंशाला दर मीटरमागं साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतं. तीनशे मिलिमीटरचं पॅनेल धरा. सकाळी सावलीत लावलेली गाडी एप्रिलच्या दुपारी बिंदू चौकात उन्हात उभी राहिली आणि पॅनेल ४० अंशांनी तापलं, तर ते जवळपास एक मिलिमीटर लांबतं. वरची पट्टी आहे तिथंच. हा एक मिलिमीटर कुणीतरी सोसायला पाहिजे की नको? तो गोंदानं सोसायचा असतो.

सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे तो थेंबभर टाकला की बोट चिकटवणारा गोंद, हे सोसत नाही. त्याचा थर कागदापेक्षा पातळ आणि सुकल्यावर काचेसारखा ठिसूळ. कडेपासून तडकत जातो. वर त्याची वाफ चकचकीत लॅकरवर पांढुरकी बसते ती वेगळीच. माझ्या स्वतःच्या गाडीवर मी हे केलंय, म्हणून सांगतोय. दोन बाटल्यांतला साधा एपॉक्सी ताकदीला उत्तम, पण तोही कडक. लहान बॅजला चालेल, लांब पट्टीला नको.

लांब पट्टीला अ‍ॅक्रिलिक फोमची डबल टेप. थ्रीएमनं १९८० साली व्हीएचबी नावानं आणली ती. बाजारातली पांढरी स्पंजाची टेप वेगळी, तिच्यावर जाऊ नका. ही एक मिलिमीटर जाडीची घेतली की फोम तिरका होऊन ताण गिळतो. पट्टी वाकडीतिकडी असेल, मागं फट राहत असेल, तर पॉलियुरेथेन. गाडीच्या काचा बसवतात तो. सिलिकॉन मी टाळतो. व्हिनेगरचा वास येणारा प्रकार धातूला गंज धरवतो, आणि त्याचा अंश राहिला की पुढं तिथं रंग मारताना खड्डे पडतात. पेंटरच्या शिव्या खायच्या असतील तर लावा.

गोंदाइतकंच मागच्या बाजूचं बघा. इथं फाउंड्रीवाले बरेच बसलेत. वाळूच्या साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून तुम्ही पार्टिंग पावडर मारता ना? कार्बनचा तुकडाही साच्यातून सुटावा म्हणून मेण लावलेलं असतं. ते मेण राहिलं तर टेप मेणाला चिकटते, तुकड्याला नाही. आधी आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं पुसायचं, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं घासायचं, परत पुसायचं. ओलंच घासा, मास्क लावा; ती धूळ छातीत नको. मग स्वच्छ पाणी ओता. सगळीकडं सलग पसरलं तर पृष्ठभाग तयार. थेंब गोळा झाले तर परत घासा. पाणी पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या जुलैत हवाच ओली असते, तेव्हा हेअर ड्रायरनं दोन्ही बाजू कोमट करून घ्या.

टेप लावल्यावर अंगठ्यानं दाबून बसवा. वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, पूर्ण यायला ७२ तास. पोरं संध्याकाळी पट्टी लावतात आणि रात्री गाडी धुतात! तीन दिवस थांबा की. आणि पुढची कड उघडी ठेवू नका. टेप सरकवायला जड जाते, पण कडेनं सोलायला सोपी, आणि वारा कडेनंच सोलतो.

मघाशी मागून कुणीतरी सायलेन्सरच्या शील्डचं विचारलं. तिथल्या उष्णतेपुढं यातलं काहीच नको. मागं थोडी मोकळी हवा ठेवून स्टीलचा क्लॅम्प आणि बोल्ट. बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ नका. कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम आपल्या पावसात पांढरं होऊन कुजतं.