दूध डोंगर उतरतं

(पहाट. दाट धुकं. म्हशींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरचा हा धनगरवाडा. घरं सात-आठ. धार काढून झाली की किटली पायवाटेनं खाली निघते. दूध घेणारं केंद्र गावात, तासाभराच्या चालीवर. मागं चुलीपाशी बसलेल्या पोराच्या हातात कोरा चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा.

गवळी धनगराच्या घरात पोराला दूध मिळत नाही, हे ऐकायलाच जड जातं. पूर्वी वाड्यावरून बाजाराला जायचं ते लोणी, तूप. ताक घरातच राहायचं. म्हणजे स्निग्धांश विकला जायचा, पण प्रथिनं आणि कॅल्शियम पोरांच्या वाट्याला उरायचं. सकाळी आंबील, दुपारी ताक-भाकरी. आता अख्खं दूधच जातं, मग ताक कुठून येणार? या आयांना दोष देऊ नका. दहा दिवसांच्या दूधबिलातच तेलमीठ, औषधपाणी आणि थोरल्याच्या वह्या बसवायच्या असतात.

(उतारावरचं पडीक वावर.)

इथं नाचणी व्हायची. तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, भाजायचा, पावसात रोप लावायचं. पण गवे रात्रीत उभं पीक फस्त करतात आणि राखण करणारी तरणी पोरं कामासाठी शहरात गेली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनचा तांदूळ-गहू हक्काचा केला आणि पावसाळ्यात ओढे भरून वाट तुटते तेव्हा तोच तांदूळ चूल पेटती ठेवतो. त्याचं मोल कमी नाही. पण दोन वर्षांच्या पोराला दोन्ही वेळ नुसता भात आणि वर चहा मिळाला, तर पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. शिवाय जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही.

(अंगणवाडी सेविका पोराच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी गुंडाळते.)

साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. या पोराचा दंड पिवळ्यात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आढळली. कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट, नंदुरबार आठवतं. ऊस-दुधाच्या कोल्हापुरात ते कुणी शोधत नाही. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळ चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, ती अनुसूचित क्षेत्रांसाठी. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही आणि धनगरांची नोंद भटक्या जमातींत. जगणं रानातलंच, पण कागदावरचा रकाना वेगळा.

सेविका आईला नाचणीचं सत्त्व करायला सांगते. भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची, वस्त्रगाळ करायची. कोपऱ्यातली आजी हसते. तिनं आपल्या सगळ्या लेकरांना हेच भरवलं होतं. जातं अजून पडवीत आहे. नाचणी मात्र आता विकत आणावी लागेल.

(संध्याकाळची धार.)

किटलीचं झाकण बसण्याआधी आजी पेला पुढं करते. सून क्षणभर थांबते, मग किटली कलंडते. पेला अर्धा भरतो.