बाऊ म्हणजे दुखते

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील या जुन्या घरात सकाळी चाळिशीला टेकलेला मुलगा दात घासतो, तेव्हा त्याची आई शेजारी उभी राहून त्याच्या गालांकडे आणि कपाळाकडे निरखून पाहते. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. त्याच्याजवळ मोजके शब्द आहेत आणि त्यांत ‘दुखते’ नाही, ‘बाऊ’ आहे. परंतु वेदना वाढली की तोही शब्द हरवतो, तो ताट बाजूला सारतो आणि स्वतःचे डोके बडवू लागतो.

गेल्या पावसाळ्यात तो दोन दिवस असाच डोके बडवत होता. एका दवाखान्यात ‘अशा मुलांचे असेच असते’ असे सांगून त्याला झोपेचे औषध देण्यात आले. तिसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे दाखल केले, तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकेला उशीच्या अभ्र्यावर ओलसर, पिवळट डाग दिसला आणि तिने लगेच डॉक्टरांना बोलावले. कान आतून पिकला होता.

वागण्यातील प्रत्येक बदल अक्षमतेच्या खात्यात टाकण्याची ही चूक वैद्यकक्षेत्राला परिचित आहे, तरीही ती घडत राहते. किडलेली दाढ, अनेक दिवसांचे बद्धकोष्ठ, लघवीतील जंतुसंसर्ग, यांपैकी काहीही अशा हट्टामागे असू शकते. डाऊन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक अक्षमता आणणारी एक जन्मजात अवस्था, असलेल्या व्यक्तींमध्ये थायरॉइडची कमतरता बरीच आढळते, आणि तिच्यामुळे आलेली सुस्ती स्वभाव समजून सोडून दिली जाते.

त्या परिचारिकेची भाषा गुजराती होती. ‘दुखे छे?’ या प्रश्नावर तो नुसता पाहत राहिला, तेव्हा तिने आईकडून घरातले मराठी शब्द विचारून घेतले आणि ते गुजराती लिपीत लिहून कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. रक्तदाबाचा पट्टा तिने आधी आईच्या दंडाला बांधून दाखवला. प्रश्न विचारल्यावर ती थांबत असे, कारण त्याला उत्तरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्याचे अंग पुसताना ती पडदा ओढून घेई आणि त्याला बाळ न म्हणता नावाने हाक मारी. याला निव्वळ मायाळूपणा म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. यात निरीक्षण आहे, पद्धत आहे आणि प्रौढ माणसाचा मान आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या पंचविसाव्या कलमात अशा व्यक्तींकडे उपचारांच्या वेळी प्राधान्याने लक्ष देण्याची तरतूद आहे, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मात्र हा माणूस गप्प झाला म्हणजे त्याला दुखते आहे, ही माहिती आज फक्त त्याच्या आईजवळ आहे, आणि आईने सत्तरी ओलांडली आहे.

म्हणून तो घरी परतल्यापासून दुपारी जेवणे आटोपली की ती वही घेऊन बसते. तो कोणत्या कुशीवर झोपतो, गोळी कशात कालवून दिली तर घेतो, घास किती लहान करावा लागतो, हे ती मराठीत सांगत जाते आणि गुजराती माध्यमात शिकलेली तिची पुतणी ते गुजरातीत उतरवते. रुग्णालयातून आणलेला तो कागद पहिल्या पानावर चिकटवलेला आहे. आज कानाचे पान लिहून होत आहे.