साथीला कोण होतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आवडत्या गायकासारखे नवे इंडी रॉक कलाकार कसे शोधावेत’. इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं, स्वतंत्र. माझ्यापुरता तो गायक म्हणजे एलियट स्मिथ. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. 2003 मध्ये गेला, फक्त 34 वर्षांचा होता. इथे किती जणांनी ऐकलाय? सात हात दिसतायत. बाकीच्यांचा मला मनापासून हेवा वाटतो, कारण तुमचं पहिलं ऐकणं अजून शिल्लक आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. हॉस्टेलवर एका मित्राने मला सीडी राइट करून दिली होती. वर मार्करने एवढंच लिहिलेलं: ‘एलियट’. गाण्यांची नावं नाहीत, वाजवणाऱ्यांची तर नाहीतच. ती सीडी मी पाच वर्षं ऐकली. आवाज असा, की कुणीतरी कानाशी बसून गातंय, पण एकटं गात नाहीये. हे काय आहे ते कळेना. एका रात्री हेडफोन लावून एकच ओळ दहा-बारा वेळा ऐकली, तेव्हा लक्षात आलं. शेवटच्या शब्दावर एक आवाज किंचित आधी सुटत होता, दुसरा जरासा रेंगाळत होता. त्याने तीच ओळ दोनदा गायली होती! एका आवाजाची नक्कल नव्हे हं, दोनदा खरोखर गाऊन एकावर एक ठेवलेली. त्या दोन वेळच्या गाण्यातला केसाएवढा फरक, तीच ती थरथर. त्याचा पहिला अल्बम ‘रोमन कँडल’, 1994 चा, एका घराच्या तळघरात चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या साध्या यंत्रावर रेकॉर्ड झाला. तोच माणूस 1998 मध्ये पांढरा सूट घालून ऑस्करच्या मंचावर गायला, ‘गुड विल हंटिंग’मधल्या गाण्यासाठी. बक्षीस ‘टायटॅनिक’च्या गाण्याला मिळालं. असो, भरकटलो.

तर खूप वर्षांनी त्याच्या ‘फिगर 8’ची खरी सीडी हातात आली. आतली पुस्तिका उघडली, आणि नावं! बेस गिटारवर सॅम कूम्स. हा कोण? माझा सगळा शोध त्या एका नावापासून सुरू झाला.

आपण मैफलीला निघालो की काय विचारतो? तालीम कुणाची आणि साथीला कोण. रॉकच्या बाबतीत मात्र हे विचारायचं आपण सोडूनच दिलंय. ॲपवर ‘असंच आणखी’ दाबलं की हळू गिटार, कुजबुजता आवाज आणि दुःखी माणूस, अशी चाळीस नावं रांगेने येतात. चार दिवसांनी त्यातलं एकही आठवत नाही. माझा राग त्या बिचाऱ्या कलाकारांवर नाही. राग आहे तो ती मार्करवाली सीडी पुन्हा आपल्या हातात दिल्याचा. नुसता आवाज, मागची माणसं गायब.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मूळ मुद्दा पटापट सांगतो.

साथ बघा. कूम्स हा स्मिथबरोबर हीटमायझर बँडमध्ये होता. त्याचा स्वतःचा बँड क्वासी, तिथे ड्रम्सवर जॅनेट वाइस. हीच बाई स्लीटर-किनी या रॉक बँडची ड्रमर होती. लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी बघा. स्मिथचा ‘आयदर/ऑर’ आणि स्लीटर-किनीचा ‘डिग मी आउट’, दोन्ही अल्बम 1997 चे, दोन्ही अमेरिकेतल्या ऑलिंपियाच्या किल रॉक स्टार्स या लेबलचे. एक कुजबुजतो, दुसरा भिंती हलवतो. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून तुम्ही इथवर कधीच पोचला नसता.

वारसा बघा. अमेरिकन गायिका फीबी ब्रिजर्सच्या 2020 च्या ‘पनिशर’ अल्बमचं शीर्षकगीत स्मिथबद्दलच आहे. तिच्यामागे गेलात की बॉयजीनियस या तिच्या त्रिकुटात ज्युलियन बेकर आणि लूसी डेकस भेटतात. आपल्याकडे जयपूरचा गायक प्रतीक कुहाडही स्मिथचं नाव घेतो.

आता क्वासीचं एक गाणं लावतो. गाण्यापेक्षा ड्रम्सकडे कान ठेवा. मग घरी गेल्यावर ‘डिग मी आउट’ लावा आणि तोच हात ओळखता येतो का बघा.