दर दोन वर्षांनी रिकामा होणारा संघ: अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचे रोबोटिक्स

नमस्कार. अमेरिकेतील रोबोटिक्स म्हटले की बहुतेकांना तिथल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांची नावे आठवतात. आजचा व्हिडिओ त्यांच्याविषयी नाही. कम्युनिटी कॉलेजांतील रोबोटिक्स संघ कोणत्या स्पर्धांत उतरतात, शाळकरी मुलांना शिकवण्यात आपले शनिवार का घालवतात आणि ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी का काढता येत नाहीत, हे आज पाहू.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, बहुधा सार्वजनिक निधीवर चालणारे महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 मध्ये सुरू झाले आणि या प्रकारातले ते देशातील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. येथे प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला असतो, शुल्क चार वर्षांच्या विद्यापीठांपेक्षा बरेच कमी असते आणि देशभरातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असतात. कोणी दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येतो, कोणी सैन्यातील सेवा संपवून आलेला असतो, तर कोणी दोन वर्षांनी थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची तयारी करीत असतो. विद्यापीठाच्या संघात चौथ्या वर्षाचा विद्यार्थी नवख्याच्या शेजारी उभा राहून त्याचा हात धरतो. कम्युनिटी कॉलेजात मात्र ज्याला यंत्र नीट बांधता येऊ लागले, त्याची निघण्याची वेळ झालेली असते. पैसा किंवा अवजारे यांच्यापेक्षा ही अडचण मला अधिक मूलभूत वाटते, कारण देणगी मिळाली म्हणून ती सुटत नाही.

आता स्पर्धांकडे वळू. व्हेक्स रोबोटिक्स ही शाळा-महाविद्यालयांसाठीची रोबो-स्पर्धा; तिचा महाविद्यालयीन गट ‘व्हेक्स यू’ या नावाने ओळखला जातो. 12 फूट लांब आणि तेवढ्याच रुंद मैदानात दोन संघ समोरासमोर येतात आणि प्रत्येक संघाला एक मोठा व एक लहान असे दोन रोबो उतरवावे लागतात. सामन्याचा आरंभीचा भाग पूर्णपणे स्वयंचलित असतो, म्हणजे त्या काळात रोबो केवळ आधी लिहिलेल्या कोडवर चालतो. शालेय गटात हा टप्पा 15 सेकंदांचा असतो आणि महाविद्यालयीन गटात त्याहून लांब. थ्रीडी प्रिंटरवर किंवा कार्यशाळेत स्वतः घडवलेले भाग वापरण्याची मोकळीकही महाविद्यालयीन संघांना शालेय संघांपेक्षा कितीतरी अधिक असते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे: या स्पर्धेत दरवर्षी नवा खेळ दिला जातो आणि तो शाळा व महाविद्यालये यांना मुळात एकच असतो. त्यामुळे ज्या कॉलेजाकडे मैदान मांडलेले आहे, तिथे परिसरातील शाळांचे संघ सरावाला येऊ शकतात आणि तेच प्रश्न सोडवू पाहणाऱ्या दोन वयोगटांची मुले एकाच मैदानाभोवती जमतात.

दुसरी स्पर्धा पाण्याखालच्या रोबोंची, मेट आरओव्ही. ‘आरओव्ही’ म्हणजे पाण्याबाहेरून केबलद्वारे चालवला जाणारा रोबो. तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण ती कम्युनिटी कॉलेजाच्याच अंगणात जन्मली. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे पेनिन्सुला कॉलेज हे दोन वर्षांचे महाविद्यालय. तिथे 1997 मध्ये ‘मेट’ हे सागरी तंत्रशिक्षणाचे केंद्र स्थापन झाले. त्याला निधी मिळाला तो राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या, खास दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील तंत्रज्ञ घडवण्यासाठी असलेल्या कार्यक्रमातून. या केंद्राने 2002 पासून स्पर्धा घेण्यास सुरुवात केली. समुद्रात काम करणाऱ्या उद्योगांना कुशल तंत्रज्ञ हवे होते, आणि स्पर्धेचे स्वरूप त्या गरजेतून ठरले.

या स्पर्धेत संघाला एखाद्या कंपनीप्रमाणे वागावे लागते. तलावात ठरावीक मिनिटांत कामगिरी पार पाडायची असते आणि रोबो चालवणाऱ्याला पाण्याकडे पाहता येत नाही, कॅमेऱ्यातून पडद्यावर जे दिसेल तेवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी सुरक्षिततेची तपासणी होते: वीजपुरवठ्याच्या तारेवर फ्यूज आहे का, पंख्यांना जाळी आहे का, केबल ओढली गेली तर ताण थेट जोडणीवर येणार नाही अशी व्यवस्था आहे का. याशिवाय तांत्रिक अहवाल लिहावा लागतो आणि परीक्षकांसमोर उभे राहून हीच मोटर का निवडली, ती एवढ्याच खर्चात कशी बसवली, याची उत्तरे द्यावी लागतात.

लेखनाला आणि बोलण्याला इतके महत्त्व दिल्याचा परिणाम काय होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण 2004 चे आहे. सांता बार्बरा येथे झालेल्या त्या वर्षीच्या स्पर्धेत ॲरिझोना राज्यातील फीनिक्सच्या कार्ल हेडन या सरकारी शाळेतील चार मुलांनी सर्वांत वरच्या गटात भाग घेतला आणि एमआयटी या नामवंत तंत्रविद्यापीठाच्या संघाला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. त्यांचा रोबो साध्या पीव्हीसी नळ्यांचा होता. तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही त्यांनाच मिळाले, ही बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. ही मुले शाळेतली होती, कॉलेजातली नव्हती. तरीही कमी साधनांच्या संघाला या स्पर्धेत जागा कुठे सापडते, ते त्यांच्यावरून समजते.

याशिवाय अभियांत्रिकी शिक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेचा दोन वर्षांच्या महाविद्यालयांसाठी असलेला विभाग वार्षिक परिषदेत स्वयंचलित यंत्रांची स्पर्धा भरवतो. नॅशनल रोबोटिक्स लीगमध्ये 15 पौंड वजनाचे रोबो एकमेकांशी झुंजतात. जिथे यंत्रकामाचे अभ्यासक्रम चालतात, त्या कॉलेजांना ही लीग मानवते, कारण लेथ आणि मिलिंग मशीनवरचे कसब तिथे उघड दिसते.

आता आउटरीच, म्हणजे कॉलेजाबाहेर जाऊन शाळकरी मुलांना शिकवणे. याचा एक सोपा प्रकार असा की शाळेच्या सभागृहात रोबो न्यायचा, मुलांना एक बटण दाबू द्यायचे, छायाचित्रे काढायची आणि परतायचे. मी याला आउटरीचमध्ये धरत नाही. दुसरा प्रकार सीपर्चसारख्या संचाचा. एमआयटीच्या सागरी संशोधन कार्यक्रमात 2003 मध्ये सुरू झालेल्या आणि अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाने पाठबळ दिलेल्या या उपक्रमात मुले पीव्हीसी नळ्या कापून सांगाडा बनवतात, तीन छोट्या मोटरी मेणात बंद करून पाण्यापासून वाचवतात आणि नियंत्रणपेटीचे सोल्डरिंग स्वतः करतात. दोन मोटरी पुढे-मागे जाण्यासाठी व वळण्यासाठी, तर तिसरी वर-खाली होण्यासाठी असते. शेवटी तरंगणारे तुकडे आणि वजने कमी-जास्त करून रोबो पाण्यात बुडणारही नाही आणि वरही येणार नाही, असा तोल साधायचा असतो.

हा तोल बारा वर्षांच्या मुलीला समजावताना कॉलेजातील विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. तरंगणारे भाग वर आणि जड भाग खाली का ठेवायचे, हे त्याला सूत्राशिवाय सांगावे लागते, आणि काही महिन्यांनी मेटच्या परीक्षकांपुढे त्याला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येऊ शकतो. ज्या संघाने वर्षभर मुलांना शिकवले आहे, त्याची बोलण्याची तयारी यातूनच होत जाते. शिवाय सहावी-सातवीत हे हाताळलेली मुले काही वर्षांनी याच परिसरातील कॉलेजात येण्याची शक्यता असते, कारण कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थी बहुतांशी जवळपासचेच असतात. दर दोन वर्षांनी रिकाम्या होणाऱ्या संघाला याहून भरवशाची भरती कोणती मिळणार?

अर्थात, हे काम फुकट होत नाही. अल्पवयीन मुलांसोबत काम करताना प्रौढांची देखरेख, पालकांची लेखी संमती, डोळ्यांवर गॉगल आणि अनेक ठिकाणी स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणी आवश्यक असते. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला शनिवारची पाळी सोडावी लागते. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकाने वर्षाच्या आरंभीच ठरवून टाकावे की या वर्षी एका शाळेत सातत्याने जायचे. दहा शाळांत एकेकदा जाऊन फारसे काही हाती लागत नाही.

राहता राहिली अभियांत्रिकी नोंदवही, म्हणजे संघ आपले आराखडे आणि निर्णय लिहून ठेवतो ती वही. व्हेक्समध्ये परीक्षक ती तपासतात आणि तिच्यातून कोणता आराखडा का नाकारला हे शोधतात. कम्युनिटी कॉलेजाच्या संघात तिला आणखी एक वाचक असतो: पुढच्या वर्षीचा विद्यार्थी, ज्याने लिहिणाऱ्याला कधी पाहिलेलेही नसेल. व्हेक्सचा नवा खेळ दरवर्षी वसंत ऋतूत, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी जाहीर होतो. त्या सुमारास दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी शेवटच्या परीक्षांच्या आणि विद्यापीठात जाण्याच्या गडबडीत असतात. नव्या खेळाचे नियम वाचायला त्यामुळे पहिल्या वर्षाचेच विद्यार्थी बसतात, आणि मागच्या रोबोची साखळी वारंवार का निसटत होती हे त्यांना त्या वहीतच शोधावे लागते.